विजेची वाट : काजळी, कार्बनच्या नळ्या आणि न मिसळणारी दोन प्लास्टिके

कार्बन नॅनोट्यूबचा शोध कोणी लावला, या प्रश्नाला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एकच उत्तर असते : सुमिओ ईजिमा, जपान, १९९१. परीक्षेत तेच लिहावे, गुण मिळतील. मात्र अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या दप्तरी ४६,६३,२३० क्रमांकाचे एक पेटंट आहे. हॉवर्ड टेनन्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या नावे, हायपेरियन कॅटॅलिसिस या कंपनीसाठी ते १९८७ साली मंजूर झाले. साडेतीन ते सत्तर नॅनोमीटर व्यासाचे, व्यासाच्या किमान शंभरपट लांबीचे, मध्ये वेगळा गाभा आणि भोवती सुरचित कार्बनअणूंचे अनेक थर असलेले तंतू, असे त्यातल्या वस्तूचे वर्णन आहे. शिवाय हे तंतू तयार करण्याची रीत आणि ते मिसळून होणारी संमिश्रे यांवरही त्यात हक्क सांगितला आहे.

ज्या वस्तूचा ‘शोध’ १९९१ मध्ये लागला, तिचे पेटंट चार वर्षे आधी कसे मिळाले? आणि ती प्लास्टिकमध्ये मिसळावी, असे कोणाला का वाटले? आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे. तो लांब आहे, निवांत वाचावा.

प्रारंभ प्लास्टिकच्या एका अवगुणापासून करावा लागेल. प्लास्टिक वीज वाहू देत नाही, हा खरे तर त्याचा गुणच. त्याच्याच जोरावर घरोघरची वायरिंग उभी आहे. तांबे आणि पॉलिथिन यांच्या विद्युत्‌रोधाची तुलना केली तर वीसहून अधिक शून्यांचा फरक पडतो. परंतु याच गुणामुळे घर्षणाने साचलेली स्थितिक वीज प्लास्टिकवरून किंवा रबरावरून निघून जाऊ शकत नाही. ती साचत राहते आणि संधी मिळताच ठिणगी होऊन उडी घेते. हिवाळ्यात नायलॉनचा कपडा अंगावेगळा करताना जी चटचट ऐकू येते, ती हीच.

शस्त्रक्रियागृहात मात्र ही चटचट जीवघेणी ठरत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूल देण्यासाठी इथर आणि सायक्लोप्रोपेन वापरीत. दोन्ही अत्यंत ज्वालाग्राही. रबरी नळीवर साचलेल्या विजेची एक ठिणगी पडली तरी स्फोट होई, आणि तो कित्येकदा भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वसनमार्गापर्यंत पोचे. यावर उपाय सापडला तो काजळीत. रबरात पुरेशी काजळी मिसळली की ते वीज हळूहळू जमिनीकडे वाहून नेते. भूल देण्याच्या यंत्राच्या नळ्या आणि गाड्यांची चाके अशा काळ्या, वाहक रबराची होऊ लागली. जमिनीही वाहक करण्यात आल्या.

रबरात काजळी ही काही नवी गोष्ट नव्हती. लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात १९०४ च्या सुमारास काजळीने रबर टणक होते असे आढळले आणि पुढे टायर काळे झाले. हेतू मजबुतीचा होता, वाहकता फुकट पदरात पडली. ती किती उपयोगाची होती, हे कळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. इंधन वाचविण्यासाठी काजळीऐवजी सिलिका घातलेले टायर आले तेव्हा मोटारीतली वीज जमिनीत उतरेना. मग टायरच्या मध्यातून काजळीयुक्त रबराची एक बारीक पट्टी घालावी लागली.

काजळीचा हा मार्ग स्वस्त होता, पण त्याची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागे. साध्या काजळीने प्लास्टिक वाहक करायचे तर ती अनेकदा पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत घालावी लागे. तेवढ्या काजळीने प्लास्टिक ठिसूळ होते, साच्यात नीट वाहत नाही, पृष्ठभाग खडबडीत निघतो. आणखी एक गोष्ट अभियंत्यांना गोंधळात टाकी. काजळी पाच टक्के घाला, दहा टक्के घाला, काही घडत नाही. मग एका विशिष्ट प्रमाणाला पोचताच किंचित भर पडते आणि वाहकता एकदम लाखो-कोटी पटींनी उसळते. असे का व्हावे?

याचे उत्तर प्लास्टिकच्या कारखान्यातून आले नाही. ते कोळशाच्या खाणीतून आले.

सायमन ब्रॉडबेंट हे ब्रिटनमधील कोळसा संशोधन संस्थेत खाणकामगारांसाठी विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांवर काम करीत होते. मुखवट्यात सच्छिद्र कार्बनचे कण भरलेले असतात. कणांतील छिद्रे मोठी आणि एकमेकांना जोडलेली असतील तर वायू आतपर्यंत शिरून शोषला जातो. ती अपुरी जोडलेली असतील तर वायू वरच्या थरातच अडतो आणि आतला सगळा कार्बन वाया जातो. हे ‘पुरेसे जोडलेले’ म्हणजे नेमके किती? १९५४ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या परिसंवादात ब्रॉडबेंट यांनी हा प्रश्न मांडला. गणिती जॉन हॅमर्सली यांनी तो उचलून धरला, आणि १९५७ मध्ये दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातून पर्कोलेशनचा सिद्धान्त जन्मला. मराठीत त्याला पाझर म्हणावे. दुष्काळी भागातल्या वाचकांना पाझर तलाव वेगळा समजावून सांगायला नको. जमिनीत पाणी मुरते ते सलग भेगांची वाट सापडली तरच.

सिद्धान्ताचे सार असे, की आडवातिडवा विखुरलेला माल एका ठरावीक प्रमाणाखाली सुट्या बेटांसारखा राहतो. त्या उंबरठ्यावर मात्र बेटे जोडली जाऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाट तयार होते. अमेरिकेत शेर आणि झॅलन यांनी १९७० साली दाखवले, की यदृच्छेने पसरलेल्या गोलाकार कणांसाठी हा उंबरठा आकारमानाच्या सुमारे १६ टक्क्यांवर येतो. काजळीच्या पंधरा-वीस टक्क्यांचे कोडे यामुळे पुष्कळसे उलगडले. पुढे १९८४ मध्ये बाल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांबट आकारांचा विचार केला, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा : कण जितका सडपातळ, तितका उंबरठा खाली.

परातीत मूठभर मोहरी पसरली तर दाणे सुटे राहतात. तेवढ्याच वजनाच्या गवताच्या काड्या विखुरल्या तर त्या एकमेकींवर पडून या काठापासून त्या काठापर्यंत जाळे होते. विजेला द्रव्य कमी लागते, सलगता जास्त लागते. वाहक प्लास्टिकचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

येथे एक गैरसमज दूर करून पुढे जाऊ. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना मिळाले ते ‘वीज वाहणाऱ्या प्लास्टिकसाठी’, असे आपण वाचतो. ते खरेच आहे, पण ते प्लास्टिक वेगळे. पॉलिअॅसिटिलीनचा रेणूच तेथे स्वतः वीज वाहतो. आपण बोलत आहोत ते प्लास्टिक स्वभावाने रोधकच राहते. त्याच्या पोटातून दुसऱ्या पदार्थाची वाट काढलेली असते.

आता नळ्यांकडे. सोव्हिएत संशोधक रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्ये एका रशियन नियतकालिकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. लोहावर कार्बन मोनॉक्साइडचे विघटन केले असता तयार झालेले, सुमारे पन्नास नॅनोमीटर व्यासाचे पोकळ कार्बनतंतू त्यांत स्पष्ट दिसतात. शीतयुद्ध ऐन भरात होते, लेख रशियन भाषेत होता, आणि पश्चिमेकडे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. शिवाय रासायनिक उद्योगाच्या दृष्टीने असे तंतू म्हणजे पीडा होती. ते उत्प्रेरकावर वाढत आणि भट्ट्या तुंबवीत. त्यांचा अभ्यास व्हायचा तो बहुधा त्यांना हटवण्यासाठी. फ्रान्समध्ये ओबरलिन, एंडो आणि कोयामा यांनी १९७६ मध्ये अशाच तंतूंच्या वाढीचे बारकाईने वर्णन केले, तरीही गाजावाजा झाला नाही.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १९८२ साली स्थापन झालेल्या हायपेरियनने ही पीडाच उत्पादन म्हणून पिकवायची ठरवली. त्यांचे तंतू साधारण दहा नॅनोमीटर जाडीचे आणि दहा मायक्रोमीटर लांबीचे, म्हणजे लांबी जाडीच्या हजारपट. करंगळीएवढ्या जाडीची आणि दहा मीटर लांब काठी डोळ्यांसमोर आणावी. कंपनीने त्यांना नॅनोट्यूब म्हटले नाही, ‘फायब्रिल’ म्हटले. १९९० च्या दशकाच्या आरंभीच मोटारींच्या नायलॉनच्या इंधननळ्यांत हे तंतू गेले. वाहत्या पेट्रोलाच्या घर्षणाने साचणारी वीज निचरून जावी, एवढेच त्यांचे काम होते.

मग ईजिमांनी काय केले? त्यांचे श्रेय कमी लेखण्याचा हेतू नाही. एनईसी कंपनीच्या त्सुकुबा येथील प्रयोगशाळेत त्यांनी या नळ्यांची अंतर्रचना उलगडली : एकात एक बसवलेली अखंड ग्राफाइटची दंडगोले आणि त्यांना असलेला मळसूत्री पीळ. नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला आणि जगभरच्या पदार्थवैज्ञानिकांना एक नवे विश्व दिसले. हायपेरियनने वस्तू विकली, ईजिमांनी ती का विलक्षण आहे हे दाखवले. दोन्ही कामे मोठी आहेत, फक्त दुसरे पहिल्यानंतरचे आहे.

जाता जाता, दमास्कस तलवारीत नॅनोट्यूब होत्या आणि म्हणून आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होते, असा संदेश तुमच्याकडे आला असेल. ड्रेस्डेनच्या संशोधकांना एका जुन्या तलवारीत तसे अवशेष २००६ मध्ये आढळले, आणि अशा तलवारींचे पोलाद भारतातून जाई, हे दोन्ही खरे. त्या लोहारांचे कसबही अव्वल. पण नळ्या तयार होणे आणि नळ्या ठाऊक असणे यांत फरक आहे. चुलीच्या धुराड्यातही काजळी साचते.

पॉलिमरमध्ये या नळ्या मिसळल्याचा सुरुवातीचा एक गाजलेला प्रयोग केरळात जन्मलेल्या पुलिकल अजयन यांचा. त्यांनी १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह इपॉक्सी राळेत नळ्या मिसळून तिचे पातळ काप घेतले, तेव्हा नळ्या कापाच्या दिशेने ओळीत लागलेल्या आढळल्या. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज येथे विंडल यांच्या गटाने २००३ मध्ये इपॉक्सीत वजनाच्या अवघ्या ०.००२५ टक्के नळ्यांनी वाहकता आणली. एक लाख भागांत अडीच भाग! अर्थात ही पातळ, द्रव राळ होती, तिच्यात नळ्यांना हलूनडुलून जाळे विणायला वाव मिळतो. वितळलेले नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेट काकवीपेक्षाही दाट असते. त्यात नळ्यांचे गुंते सुटता सुटत नाहीत, आणि प्रमाण पुन्हा टक्क्या-दोन टक्क्यांवर जाते. नळ्या महाग असल्याने हा फरक कारखानदाराला झोंबणारा होता.

येथे कथेत दुसरे प्लास्टिक येते.

उद्योगात प्लास्टिक बहुधा एकटे नसते, दोन-तीन प्लास्टिकांचे मिश्रण असते. जनरल इलेक्ट्रिकच्या अॅलन हे यांनी १९५६ मध्ये बनवलेले पीपीओ उष्णतेला चिवट, पण साच्यात घालायला महाकठीण. त्यात पॉलिस्टायरीन मिसळून ‘नॉरिल’ आले. ही दोन्ही पूर्णपणे एकजीव होतात, पण तो अपवाद. बहुतेक पॉलिमरांच्या साखळ्या इतक्या लांब असतात, की परस्परांत मिसळून त्यांना फारसा लाभ नसतो. आमटीवर फोडणीचे तेल तरंगावे तशी ती वेगळी राहतात. पीपीओ आणि नायलॉन यांचे ‘नॉरिल जीटीएक्स’ या जातीचे : नायलॉनचा समुद्र आणि त्यात पीपीओची बेटे, दोहोंना धरून ठेवायला जोडद्रव्य.

या मिश्रणाचे मोटारीचे मडगार्ड करता येत होते. ते हलके, न गंजणारे आणि रंगभट्टीच्या उष्णतेत टिकणारे. अडचण रंगाची होती. मोटारीला रंग देताना रंगाचे तुषार विद्युत्‌भारित करतात आणि सांगाड्याला अर्थिंग देतात, म्हणजे रंग आपोआप पत्र्याकडे ओढला जातो. प्लास्टिकच्या मडगार्डाकडे तो ओढला जाईना. आधी वाहक अस्तर द्यावे लागे, म्हणजे एक काम वाढले. काजळी घालावी तर मडगार्ड ठिसूळ. हायपेरियनचे तंतू घालून तयार केलेल्या वाहक नॉरिल जीटीएक्सने ही कोंडी फोडली, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेनॉच्या मेगान आणि क्लिओ या गाड्यांना असे मडगार्ड बसू लागले. युरोपच्या रस्त्यांवर, ऊनपावसात, नॅनोट्यूब घातलेले पॉलिमर मिश्रण अशा रीतीने धावत होते. मालकांना त्याची गंधवार्ताही नसावी.

नळ्या बेटांवर न जाता समुद्रात राहिल्या तर बेटांनी व्यापलेली जागा हिशोबातून वजा होते. तेवढ्याच नळ्या कमी जागेत दाटतात आणि वाट लवकर जुळते. ही कल्पना स्वच्छपणे मांडली ती टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मासाओ सुमिता यांनी, काजळीच्या संदर्भात. साल पुन्हा १९९१! ईजिमांच्या लेखाला जगाने डोक्यावर घेतले त्याच वर्षी, त्सुकुबापासून फार दूर नसलेल्या टोकियोत, पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन आणि अॅक्रिलिक यांच्या जोड्यांत काजळी कोठे जाऊन बसते हे सुमिता आणि त्यांचे सहकारी पाहत होते. ती सारखी पसरत नाही, असे त्यांना दिसले. ती एका प्लास्टिकात गोळा होते किंवा दोहोंच्या सीमेवर. कोठे, हे पृष्ठताणांचे गणित ठरवते, आणि त्या गणिताचे मूळ थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये द्रवाच्या थेंबाविषयी मांडलेल्या समीकरणात आहे.

यातून ‘दुहेरी पाझर’ ही संकल्पना आली. काजळीची वाट एका प्लास्टिकात अखंड हवी, आणि ते प्लास्टिकही मिश्रणात या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवे. दोन्ही प्लास्टिके वेणीच्या पेडांसारखी परस्परांत गुंतून सलग राहिली, तर काजळी एकाच पेडात भरली तरी पुरते. बेल्जियममधील लिएज येथे गुबेल्स, जेरोम आणि तेसिए यांनी १९९४ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. पॉलिथिन आणि पॉलिस्टायरीनच्या सीमेवरच काजळी अडवून त्यांनी उंबरठा ०.४ टक्क्यापर्यंत खाली आणला. पंधरा टक्क्यांच्या जागी अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि तीही साधी काजळी. माझ्या मते या कथेतला सर्वांत मोठा विजय हाच, आणि कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तो विचारला जात नाही.

काजळीचा हा धडा नळ्यांना लावण्याचे काम मुख्यत्वे ड्रेस्डेनच्या लाइबनिझ पॉलिमर संशोधन संस्थेत, पेट्रा पॉट्श्के यांच्या गटात झाले. त्यांनी सुरुवात केली ती हायपेरियनकडूनच आलेल्या, पंधरा टक्के नळ्या भरलेल्या पॉलिकार्बोनेटपासून. ते साध्या पॉलिकार्बोनेटने विरळ करायचे, मग त्यात पॉलिथिन मिसळायचे. २००३ मधील त्यांच्या शोधनिबंधात दुहेरी पाझर नळ्यांसह प्रत्यक्ष दिसतो. त्याचे एक सहलेखक अरूप भट्टाचार्य पुढे पवईच्या आयआयटीत आले; तेथे नायलॉन आणि एबीएस यांच्या पेडांसारख्या गुंतलेल्या मिश्रणांत नळ्या घालण्याचे काम झाले. ते २००९ मध्ये ड्रेस्डेनच्या सहकार्यानेच प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी ड्रेस्डेनमधून एक मजेदार निरीक्षण आले. नळ्या मुद्दाम नावडत्या प्लास्टिकात आधी मिसळून ठेवल्या आणि मग आवडते प्लास्टिक वितळवून घातले, तर काही मिनिटांत त्या सीमा ओलांडून आवडत्याकडे निघून गेल्या. काजळीचे गोल कण मात्र अशा प्रवासात सीमेवरच अडखळतात. २०११ मध्ये गोल्डेल आणि सहकाऱ्यांनी याचे कारण आकारात दाखवले. लांब नळीचे टोक एकदा पलीकडे शिरले की सीमा तिला ओढून पार करते, तर गोलाला दोन्ही बाजू धरून ठेवतात. सडपातळ तो चपळ, असा हा न्याय. आणि त्यामुळेच लिएजला काजळी सीमेवर अडवता आली तशी नळी अडवणे फार कठीण.

एवढे सगळे कळेपर्यंत बाजाराचे वारे बदलत होते. बायर कंपनीने २०१० मध्ये लेव्हरकुझेन येथे वर्षाला दोनशे टन क्षमतेचा नॅनोट्यूब प्रकल्प उभारला आणि २०१३ मध्ये हा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. आरोग्याची शंकाही होतीच. एडिंबरोच्या केन डोनल्डसन यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांच्या उदरपोकळीत लांब नळ्या सोडल्या, तेव्हा लांब अॅस्बेस्टॉस तंतूंसारखीच दाहाची प्रतिक्रिया दिसली. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तशी दिसली नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्यांपैकी एका विशिष्ट प्रकाराला, एमडब्ल्यूसीएनटी-७ ला, माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात घातले. प्लास्टिकात घट्ट बसलेल्या नळीचा धोका आणि कारखान्यात पोती रिकामी करताना हवेत उडणाऱ्या नळीचा धोका एक नव्हे. पण पोती रिकामी करणारा कामगार असतोच, आणि जुने मडगार्ड भरडणाराही कोणी तरी असतो.

जनरल इलेक्ट्रिकने आपला प्लास्टिक व्यवसाय २००७ मध्ये सौदी अरेबियाच्या सॅबिकला विकला. नॉरिल हे नाव त्याच्यासोबत गेले. नळ्यांची मोठी मागणी आता लिथियम-आयन बॅटरीच्या विद्युत्‌अग्रांसाठी आहे. काम तेच, कणाकणांमधून विजेची वाट जोडण्याचे.

श्रेयाचा वाद अखेर छापील पानावर आला तो २००६ मध्ये. ‘कार्बन’ या नियतकालिकात मोंतियू आणि कुझनेत्सोव्ह यांनी नॅनोट्यूबच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, असाच मथळा देऊन संपादकीय लिहिले, आणि रादुश्केविच-लुक्यानोविच यांची १९५२ ची छायाचित्रे चोपन्न वर्षांनी पुन्हा चर्चेत आली. टेनन्ट यांच्या पेटंटची मुदत त्याआधीच, २००४ मध्ये, संपली होती.